अंगठ्याचे शिक्षण

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या कॉलेजच्या मैदानावर एक चष्मेवाला, चाळिशी उलटलेला गृहस्थ रोज सकाळी सहाच्या सुमारास हातात काठी घेऊन उभा राहू लागला. काठीला दोरा, दोऱ्याच्या टोकाला शिशाचा गोळा, आणि समोर पाण्याचा थेंब नाही. तो काठी मागे न्यायचा, झोकायचा, गोळा कुठेतरी गोलपोस्टच्या दिशेने जायचा, आणि मग हा गृहस्थ खाली मान घालून दहा-दहा मिनिटे हातातल्या कसल्याशा यंत्राशी खाटखूट करीत बसायचा. फिरायला येणाऱ्या मंडळींनी पहिले दोन दिवस सभ्यपणाने दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त तहसीलदारांनी जवळ येऊन विचारलेच, "काय प्राध्यापक, इथे काय लागतं गळाला?"

"सध्या तरी मीच," मी म्हणालो.

श्रोतेहो, तो गृहस्थ मी. कॉलेजात मी मराठी शिकवतो, आणि चारचौघांत हसे होऊ नये याची आम्हा शिक्षक मंडळींना जरा जास्तच काळजी असते. तरीही महिना दीड महिना मी हा उद्योग केला. त्याला कारण घडले, ते सांगण्यासाठीच आज आपल्यासमोर आलो आहे. पण आधी थोडे मागे जायला हवे.

आमचे गाव रायगड जिल्ह्यात, खाडीकाठी. इथे मासे धरण्याला दोन वेगळी क्रियापदे आहेत. जाळे फेकणारा पागतो आणि गळ टाकून बसणारा गरवतो. गरवायला मी लहानपणापासून जात आलो. तेव्हा हातात काठीसुद्धा नसे. एका रिकाम्या डब्यावर तंगूस गुंडाळलेली, टोकाला शिसे आणि गरी. ते टोक डोक्याभोवती दोनदा गरगर फिरवून सोडून द्यायचे आणि डब्याचे तोंड पाण्याकडे करायचे. तंगूस डब्याच्या कडेवरून वेटोळ्यावेटोळ्यांनी सुटत जाई. गुंता असा कधी झाला नाही. पुढे नोकरी लागल्यावर बाजारात मिळते तसले साधे रीळ घेतले. ते काठीच्या खाली लोंबते. फेकताना त्याची चकरी जागची हलत नाही, दोरा नुसता तिच्या कडेवरून सुटतो. म्हणजे आमच्या डब्याचेच ते सुधारलेले रूप. अशा रिळाचे पेटंट इंग्लंडात 1905 साली आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या, लोकरी कापडाच्या धंद्यातल्या गृहस्थाने घेतले. गिरणीत कांडीच्या टोकावरून सूत सुटताना पाहून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. आमच्या डब्याचे पेटंट घ्यावे हे कुणाला सुचले नाही, एवढेच.

इथवर सगळे सुरळीत होते. मग माझे मेहुणे परदेशातून आले आणि त्यांनी माझ्या हातात एक निराळेच रीळ ठेवले. मुठीत मावेल एवढे, वजनाला हलके, दिसायला घड्याळासारखे नेटके. हे काठीच्या खाली नव्हे, वर बसते. याला म्हणतात बेटकास्टिंग रीळ. यात चकरी आडवी असते आणि फेकताना ती स्वतः फिरते. वजन दोऱ्याला ओढते आणि दोरा चकरीला फिरवतो. चकरीवर तुमचा अंगठा टेकलेला असतो, तोच तिचा लगाम. असा लगाम हातात असल्यामुळे आमिष नेमके हव्या त्या ठिकाणी उतरवता येते. शिवाय जाड दोर यावर चांगला बसतो आणि मोठ्या माशाची ओढ हे रीळ सोसते.

आमच्या खाडीतला मानाचा मासा म्हणजे जिताडा. तो उघड्या पाण्यात हिंडत बसत नाही. तिवरांच्या मुळांत नाहीतर खारबंदिस्तीच्या उघाडीपाशी, जिथे भरती-ओहोटीचे पाणी आतबाहेर करते तिथे, तो दबा धरून असतो. त्याच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर आमिष पडले तर तो उसळतो, दोन हात लांब पडले तर ढुंकून पाहत नाही. आणि गळाला लागला की पहिल्या हिसड्यातच मुळांत शिरतो. तेव्हा अशा जागी या रिळाचा उपयोग आहे, हे मला पटले. मी मोठ्या उत्साहाने बांधावर गेलो, काठी उगारली, अंगठा सोडला आणि जोरात फेकले.

आमिष चार हातांवर पाण्यात पडले. रिळातून कर्रर्र असा आवाज आला आणि पाहतो तो चकरीवर शेवयांचा ढीग! तंगुशीची शेकडो वेटोळी एकमेकांत शिरून, फुगून, रिळाच्या बाहेर आलेली. मी दुसऱ्यांदा फेकले, तिसऱ्यांदा फेकले. प्रत्येक वेळी तोच प्रकार. अर्धा तास सोडवून पाहिले, मग खिशातली कात्री काढली, सगळा गुंता कापला आणि बाजूला टाकून दिला. त्या दोन महिन्यांत असे किती गुंते मी बांधावर टाकले, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. कोण ठेवतो?

तो हिशेब सप्टेंबरात माझ्यापुढे आला. भरतीच्या वेळी मी बांधावरून चाललो होतो. उघाडीच्या अलीकडे तिवराच्या एका फांदीला काहीतरी पांढरे फडफडत होते. जवळ जाऊन पाहिले तर वंचक, म्हणजे आपला तो काठाशी मातकट रंगात बसून राहणारा आणि उडाला की एकदम पांढरा दिसणारा बगळा. एका पायाने उलटा लोंबत होता. पायाला तंगूस गुंडाळलेली, तीच पंखातून गेलेली. पाय सुजून काळा पडला होता. मी हात पुढे केला की तो चोच मारायचा आणि हिसडे द्यायचा. प्रत्येक हिसड्याला फास आणखी आवळायचा.

त्याच वेळी पाण्यातून एक होडी आली. होडीतला तरुण माझा जुना विद्यार्थी. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मागच्या बाकावर बसायचा. मराठीतच दोनदा अडकला आणि कॉलेज सोडून बोटीवर गेला. त्याच्या उत्तरपत्रिकेवर मी लाल शाईने 'विचार विस्कळीत' असा शेरा मारलेला मला चांगला आठवतो. तो चिखलात उतरला, खांद्यावरचा पंचा त्याने बगळ्याच्या डोक्यावर टाकला. अंधार होताच पक्षी शांत झाला. मग त्याने एका हाताने पंख अंगाशी धरून माझ्याकडून कात्री घेतली आणि एकेक फेरा शोधून कापला. शेवटचा फेरा मांसात रुतला होता. पंचा काढल्यावर बगळा क्षणभर तसाच बसून राहिला, आणि मग पाण्याला लागून, एक पाय लोंबकळत ठेवून, पलीकडच्या काठाला गेला. पुढे त्याचे काय झाले ते मला ठाऊक नाही.

पोरग्याने कापलेली तंगूस तळहातावर घेतली. ती पोपटी रंगाची होती. आमच्या गावात पोपटी तंगूस दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. दुकानदाराने ती मला "खास सर, तुमच्यासाठी" म्हणून मागवून दिली होती.

"सर," तो म्हणाला, "ही कोणाची ते मी विचारत नाही."

मी काय बोलणार? थोड्या वेळाने होडीत चढता चढता तो वळून म्हणाला, "पण सर, एक तर हे नीट शिका, नाहीतर परत डब्यावर या."

वर्गात मी इतकी वर्षे जे बोलत आलो, त्यात इतके स्वच्छ वाक्य माझ्या तोंडून एखादेच गेले असेल.

शिकायचे ठरवल्यावर मी, अध्यापकाच्या स्वभावाप्रमाणे, आधी पुस्तके उघडली आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला गाठले. त्याने स्टाफरूममधल्या फळ्यावर खडूने हिशेब मांडला. समजा, आमिष हातातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला 20 मीटर आहे. चकरीचा व्यास धरा 34 मिलीमीटर, म्हणजे तिचा परीघ सुमारे 107 मिलीमीटर. तेव्हा आमिषाबरोबर राहायचे तर चकरीने सेकंदाला 187 फेरे घेतले पाहिजेत, मिनिटाला अकरा हजारांच्या वर. आपल्या डोक्यावरचा पंखा पूर्ण जोरात मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो. हा वेग चकरीला डोळ्याचे पाते लवायच्या आत गाठायचा असतो. गंमत पुढेच आहे. आमिष हवेत गेले की हवा त्याला अडवते, त्याचा वेग कमी होऊ लागतो. चकरीला मात्र हवा अडवत नाही. ती ज्या वेगाने सुटली त्याच वेगाने फिरत राहू पाहते. आमिष मागेल त्याहून जास्त दोरा ती देऊ लागते. हा जास्तीचा दोरा जाणार कुठे? तो चकरीवरच उसळतो, त्याची वेटोळी होतात, फिरत्या चकरीखाली सापडतात आणि उलटी गुंडाळली जातात. झाला गुंता.

"म्हणजे दोष यंत्राचा नाही," मी समाधानाने म्हणालो.

"दोष जडत्वाचा," तो म्हणाला, "आणि तुझ्या अंगठ्याचा."

या रिळाचा जन्म घड्याळजीच्या हातून झाला, हे वाचून मला मौज वाटली. अमेरिकेत केंटकी राज्यात पॅरिस नावाचे एक गाव आहे. तिथे जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता आणि तो मासे धरण्याचा शौकीन होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्याने घड्याळातली दातेरी चाके रिळाला लावली. मूठ एकदा फिरवली की चकरी कित्येकदा फिरे. पुढे फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी ती कला वाढवली. 1890 च्या दशकात मिशिगनमधल्या कॅलामझूच्या विल्यम शेक्सपियर याने दोरा चकरीवर डावीकडून उजवीकडे सारखा पसरवणारी सरकती कडी तयार केली. हो, नाव तेच, माणूस दुसरा. मात्र मराठीच्या प्राध्यापकाने शेक्सपियरचे ऋण मानावे असा प्रसंग क्वचितच येतो. आणि स्वीडनमधली आबू ही ज्या कंपनीची रिळे साऱ्या जगात गेली, ती 1921 साली निघाली तीही घड्याळांचा कारखाना म्हणूनच.

या सगळ्या कारागिरांनी चकरी अधिकाधिक सहज फिरावी म्हणून डोके खर्च केले, आणि ती सहज फिरू लागल्यावर तिला आवरायचे कसे याच्यासाठी पुन्हा तितकेच डोके खर्च झाले. काही रिळांत चकरीच्या बाजूला बारीक ठोकळे असतात. चकरी वेगात फिरली की ते बाहेर फेकले जातात आणि एका कड्याला घासतात. काहींत लोहचुंबक असतात. धातूची चकरी त्यांच्यासमोर फिरू लागली की तिच्यात विजेचे लहान लहान भोवरे उठतात आणि तेच तिला मागे ओढतात, कुठे स्पर्श म्हणून नाही. आता तर चकरीचा वेग मोजून आपणहून आवर घालणारी विजेची यंत्रणा असलेली रिळेही निघाली आहेत. पण गोम अशी की, हा आवर जितका जास्त, तितकी फेक आखूड. आणि वाऱ्याची झुळूक समोरून केव्हा येईल, आमिष पाण्याला केव्हा टेकेल, हे चुंबकाला कसे कळावे?

तर असा सगळा सिद्धान्त पाठ करून मी पुन्हा फेकले. पुन्हा शेवया.

शेवटी मी त्या पोरग्याच्या घरी गेलो. विद्यार्थी प्राध्यापकाच्या घरी येतो तेव्हा दारात जसा अवघडून उभा राहतो, तसा मी त्याच्या अंगणात उभा होतो. त्याची आई जाळ्याची विण घेत बसली होती. तिने चटकन जाळे बाजूला सारून मला पाट दिला, याने मला आणखी अवघडल्यासारखे झाले. तो मात्र हसला नाही. त्याने माझे रीळ हातात घेतले, फिरवून पाहिले आणि म्हणाला, "पाण्यावर नको, सर. पाण्यात मासा दिसतो, मग माणूस अंगठा विसरतो. मैदानावर या."

आता तो काय काय करून घेत असे ते सांगतो. कुणाच्या घरी असे रीळ अडगळीत पडले असेल तर उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, त्याने माझे सात ग्रॅमचे आमिष काढून टाकले आणि बिनगळाचे वीस ग्रॅमचे शिसे बांधले. हलके वजन चकरीला ओढूच शकत नाही, मग आपण जोर करतो आणि जोर केला की फसतो. दुसरे, मी चकरीवर दोर काठोकाठ भरला होता. त्यातला काढून त्याने कडेच्या आत दोनेक मिलीमीटर जागा ठेवली. मग काठी समोर आडवी धरून अंगठ्याजवळचा खटका दाबला. गोळा आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरला पाहिजे, आणि जमिनीला टेकला की चकरी तिथल्या तिथे थांबली पाहिजे. थांबत नसेल तर मुठीच्या बाजूची बारीक चावी किंचित आवळायची. दुसऱ्या बाजूला आवर घालणारी तबकडी असते. ती त्याने जवळजवळ शेवटच्या आकड्यावर नेली. "आता लांब जाणार नाही, सर," तो म्हणाला, "जायलाही नको."

आणि एक युक्ती तर मला फार आवडली. त्याने गोळा मैदानात पस्तीस पावले लांब नेऊन ठेवला, आणखी दहा पावलांचा दोर ओढून काढला आणि चकरीवर उरलेल्या दोरावर चिकटपट्टीचा एक वेढा दिला. मग बाहेरचा सगळा दोर तिच्यावर गुंडाळून घेतला. आता कितीही गुंता झाला तरी तो पट्टीच्या खाली जाणार नव्हता. शिकणाऱ्याची चूक किती खोल जाऊ द्यायची हे आधीच ठरवून ठेवायचे. इतकी वर्षे शिकवून मला हे सुचले नव्हते.

फेकताना मनगट असे वळवायचे की रिळाची मूठ वर येईल. काठी मागे नेली की वजनाने ती वाकते, आणि वाकलेली काठीच गोळा फेकते. आपण फक्त तिला पुढे आणायचे. मी हिसका देत होतो. हिसक्याने चकरी एकदम उधळते, आमिष तिच्या मागे राहते, आणि गुंता सुरुवातीलाच होतो. "झटका नको, सर. झोका द्या." हे त्याचे वाक्य मी किती वेळा ऐकले असेन देव जाणे.

झोका जमला. सुरुवातीचा गुंता गेला. पण गोळा जमिनीला टेकताना होणारा गुंता काही केल्या जाईना. गोळा पडायचा, थांबायचा, चकरी मात्र आपली फिरतच राहायची. मी अंगठा दाबत होतो, पण पडलेला दिसल्यावर. डोळ्यांनी पाहायचे, डोक्याने समजायचे, मग अंगठ्याला निरोप जायचा. तेवढ्या वेळात चकरीचे पाचपन्नास फेरे होऊन जायचे.

"अंगठा झोपलाय तुमचा," तो म्हणाला. मग जरा विचार करून त्याने विचारले, "सर, तुमच्या घरी विहीर होती ना? रहाट होता?"

होता. परसातल्या विहिरीवर लाकडी रहाट होता आणि त्यावर आठ-नऊ वर्षांचा मी पाणी काढत असे. पोहरा आत सोडला की रहाट खडखडत फिरायचा. पोहरा पाण्याला लागला की दोराची ओढ एकदम संपायची, पण रहाट थांबायचा नाही. तो फिरत राहायचा आणि दोर सैल पडून, वेटोळी होऊन कण्याशी जाऊन अडकायचा. मग मोठ्या माणसाला येऊन तो सोडवावा लागे. आई ओट्यावरून ओरडायची, "पोहरा टेकायच्या आत हात लाव रे! टेकल्यावर काय उपयोग?" आणि काही दिवसांनी मी हात लावू लागलो होतो. विहिरीत न बघता. तळहात रहाटाला नुसता लागून ठेवायचा. फिरता फिरता लाकडाचा आवाज किंचित बदलायचा, आणि हात आपोआप जड व्हायचा. पोहरा पाण्याला टेके आणि रहाट थांबे, दोन्ही एकदम. हे मी कधी कुणाला समजावून सांगितले नव्हते. मला कुणी समजावलेही नव्हते.

चाळीस वर्षांपूर्वी जे तळहाताला येत होते ते अंगठा विसरला होता. म्हणजे अख्ख्या शरीरात माझा अंगठाच तेवढा अंगठेबहाद्दर!

मी डोळे मिटून फेकू लागलो. खोटे नाही सांगत, मैदानावर कोणी नाही असे पाहून खरोखर डोळे मिटून. अंगठा चकरीवर इतका हलका ठेवायचा की दोर फुलू लागला तर त्याची वेटोळी त्वचेला मऊ लागावीत. फुलू लागला की किंचित भार द्यायचा, मग सोडायचा. गोळा खाली उतरू लागला की चकरीचा सूर उतरतो. तो कानाला आणि अंगठ्याला एकदमच कळतो. तिथे अंगठा जड करायचा. पहिल्या आठवड्यात दहा फेकींत आठ गुंते. दुसऱ्यात चार. मग तबकडी एका आकड्याने कमी केली की पुन्हा सहा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सलग पंचवीस फेकी स्वच्छ गेल्या. मी घरी जाऊन आधी हे बायकोला सांगितले. ती म्हणाली, "बरं. दूध आणलंत का?"

गुंता सोडवायचीही रीत असते, ती मी उलटी करीत होतो. दिसेल ते वेटोळे ओढायचो आणि गाठी आवळायचो. त्याने शिकवले ते असे. गुंत्यावर अंगठा घट्ट दाबून धरायचा आणि मूठ तीन-चार फेरे फिरवायची. वेटोळी बसतात. मग खटका दाबून दोर हळूच बाहेर ओढायचा. जिथे अडेल तिथे ओढायचे नाही, पुन्हा अंगठा दाबून मूठ फिरवायची. दहांतले सात-आठ गुंते असे कात्रीशिवाय सुटतात. विस्कळीत दिसणारी गोष्ट बहुधा एका-दोन ठिकाणीच अडलेली असते. माझ्या लाल शाईच्या शेऱ्याची मला तेव्हा आठवण झाली. त्याला झाली होती की नाही, मी विचारले नाही.

ते निवृत्त तहसीलदार आता रोज येऊन उभे राहत. एका सकाळी म्हणाले, "बघू." मी काठी दिली, दोन-चार सूचना दिल्या. त्यांनी त्या ऐकल्यासारखे केले आणि गोळा झोकला. तीस पावलांवर गोळा पडला. रीळ स्वच्छ. मी पाहतच राहिलो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मग त्यांनी खुलासा केला. ते मूळचे येवल्याचे. संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवर पतंगासाठी जी आसारी हातात फिरते, तिच्यावर त्यांचे बालपण गेले होते. ढील देताना आसारी मोकळी सोडायची, आणि पतंग सैल पडतो न पडतो तोच तिला आवरायची, नाहीतर मांजाचा पाचोळा होतो. "तुमचं हे यंत्र," ते म्हणाले, "आमच्या आसारीची धाकटी बहीण." मला दीड महिना लागला ते त्यांना दीड मिनिटात आले, याचे मला थोडे वाईट वाटले, ते इथे कबूल करतो.

द्रोणाचार्यांनी शिष्याचा अंगठा मागून घेतल्याची गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. इथे उलटेच झाले. शिष्याने गुरूला अंगठा दिला. मी त्याला म्हणालो, "तुला काय देऊ?" तो म्हणाला, "ती पोपटी तंगूस जाळू नका, सर, त्याचा धूर वाईट. घरी न्या, बारीक कापा आणि कचऱ्यात द्या. खाडीवर ठेवू नका." मग डिसेंबरात, ओहोटीच्या वेळी, आम्ही दोघे त्याच बांधावरून हिंडलो आणि तिवरांत अडकलेली तंगूस गोळा केली. माझी पोपटी, दुसऱ्या कुणाकुणाची पांढरी, जुन्या जाळ्यांचे तुकडे. नायलॉन कुजत नाही, वर्षानुवर्षे तसेच राहते. एका पिशवीत मावली नाही. पोपटी किती निघाली ते मी मोजले. अकरा ठिकाणी.

आता मी पाण्यावर जातो. समोरून वारा असला तर तबकडी दोन आकडे वर नेतो, आमिष पाण्यालगत ठेवून फेकतो आणि तरीही कधी कधी चुकतो. उघाडीच्या तोंडाशी, तिवराच्या मुळांपासून वीतभर अंतरावर आमिष उतरवणे दहांत तीनदा साधते. जिताडा? तो अजून नाही. एकदा पाणी उसळले, दोर ताठ झाला आणि लगेच सैल पडला, एवढी ओळख झाली आहे. तहसीलदारसाहेब भेटले की विचारतात, "काय लागलं?" आणि मी तेच उत्तर देतो.

गेल्या रविवारी असाच एक गुंता झाला. अंधार पडत आला होता आणि तो सुटेना, तेव्हा कापला आणि खिशात कोंबला. सोमवारी सकाळी मोरीतून बायकोने विचारले, "अहो, हे तुमच्या सदऱ्याच्या खिशात शेवयांसारखं काय आहे?"